एका नायट्रोजनची किंमत

गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, ओपीडी संपत आलेली असताना एक आई मुलाची व्हीलचेअर ढकलत आत आली. मुलगा बावीस वर्षांचा, वजन जेमतेम ३८ किलो. अकराव्या वर्षापर्यंत धडपडत का होईना चालत होता, मग बसला तो बसलाच. छातीत कफ भरून तीनदा आमच्याकडे दाखल झालेला, त्यामुळे दोघांची चांगली ओळख. त्या दिवशी मात्र खोकला, ताप काही नव्हते. आईने पदराआडून मोबाइल काढला.

‘‘सर, कोर्टानं ते औषध स्वस्त केलं म्हणे. ग्रुपवर आलंय. खरं आहे का?’’

मी म्हटले, ‘‘ताई, कोर्टाने भाव ठरवलेला नाही. दुसऱ्या कंपनीला ते औषध विकू नका, असं सांगायला कोर्टाने नकार दिलाय. म्हणून भाव खाली आलाय.’’

‘‘मग भांडण कशावर होतं?’’

‘‘हे औषध सुचणं सोपं होतं की अवघड, यावर.’’

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘सोपं होतं, तर इतकी वर्षं कुणी का नाही काढलं?’’

तीस वर्षांच्या नोकरीत परीक्षकांनी, मंत्र्यांनी, रुग्णांच्या नातेवाइकांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले आहेत. यापेक्षा नेमका प्रश्न फार थोड्यांनी विचारला असेल. दिल्ली उच्च न्यायालयात नामांकित वकिलांनी महिनोन्‌महिने ज्यावर वाद घातला, तो हाच प्रश्न होता.

आधी आजाराबद्दल. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, थोडक्यात एसएमए. व्हिएन्नातील वेर्डनिग आणि हायडेलबर्गमधील हॉफमन या डॉक्टरांनी १८९०च्या दशकात त्याचे पहिले वर्णन केले. मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. बुद्धी शाबूत, डोळे चमकदार, पण मान धरता येत नाही, बसता येत नाही, आणि सर्वांत तीव्र प्रकारात श्वास घेण्याचे स्नायूही थकतात. अशी बाळे उपचारांविना बहुधा दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. सौम्य प्रकारात मूल चालू लागते आणि पुढे चालणे गमावते. आमचा मुलगा त्या प्रकारातला. साधारण दहा हजार जन्मांमागे एक बाळ हा आजार घेऊन येते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत पंचवीस टक्के धोका. दोघांच्याही घराण्यात कुणाला काही झालेले नसते, त्यामुळे निदान ऐकताना नातेवाईक हमखास विचारतात, ‘‘आमच्यात तर कुणालाच नाही, मग याला कसं?’’

१९९५ साली पॅरिसमधील ज्युडिथ मेल्की यांच्या गटाने दोषी जनुक शोधले, एसएमएन-१. ते नसले की चेतापेशींना लागणारे एक प्रथिन तयार होत नाही. निसर्गाची गंमत अशी, की माणसाच्या गुणसूत्रावर शेजारीच त्याची जवळपास हुबेहूब प्रत आहे, एसएमएन-२. मी विद्यार्थ्यांना सांगतो, ही गाडीतली स्टेपनी आहे, पण हवा कमी असलेली. या दुसऱ्या जनुकात सातव्या तुकड्यात एका अक्षराचा फरक आहे, ‘सी’च्या जागी ‘टी’. तेवढ्याने पेशी संदेशाची जुळणी करताना तो सातवा तुकडा बहुतेक वेळा गाळून टाकते आणि प्रथिन अपुरे तयार होते. धड प्रथिन निघते ते दहा टक्क्यांच्या आसपास. एका अक्षरासाठी एवढे आयुष्य पणाला लागते. पुढे जो खटला सांगणार आहे, तोही रेणूतल्या एवढ्याच एका बदलावर उभा आहे.

मग संशोधकांचे लक्ष स्टेपनीकडे गेले. तो गाळला जाणारा तुकडा पेशीला परत घ्यायला लावता आला तर? एड्रियन क्रेनर आणि सहकाऱ्यांच्या कामातून नुसिनर्सेन हे औषध आले आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते पाठीच्या मणक्यातून, सुरुवातीच्या डोसांनंतर दर चार महिन्यांनी द्यावे लागते. कणा वाकलेल्या रुग्णाच्या पाठीत ती सुई घालणे किती कठीण, हे ज्याने घातली आहे त्याला विचारा. २०१९ मध्ये एकदाच द्यायची जनुकोपचाराची सलाइन आली. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी वर्गणी करून १६ कोटी रुपये जमवले आणि केंद्राने सुमारे सहा कोटींचे आयात शुल्क माफ केले, ती बातमी वाचकांना आठवत असेल. ते औषध हेच.

आणि ऑगस्ट २०२० मध्ये आले रिसडिप्लॅम. तोंडाने घ्यायचे, रोज एकदा, घरी. काम तेच, सातवा तुकडा परत जोडणे. पण पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाऊ शकेल एवढा लहान रेणू हे काम करतो, ही खरोखर थक्क करणारी गोष्ट होती. पेशीच्या हजारो संदेशांमधून नेमका हा एक पकडून त्याची जुळणी बदलायची, आणि बाकीच्यांना फारसा धक्का लावायचा नाही. ‘फायरफिश’ या चाचणीत तीव्र प्रकारच्या ४१ बाळांपैकी १२ बाळे वर्षभरानंतर किमान पाच सेकंद आधाराविना बसली. उपचार नसताना त्या प्रकारातले बाळ कधीच बसत नाही. मोठ्या मुलांत आणि तरुणांत झालेल्या ‘सनफिश’ चाचणीतला फायदा मात्र माफक आहे. तिथे औषध घेणाऱ्यांची ताकद थोडी वाढली, न घेणाऱ्यांची किंचित घटली. आमच्या मुलाच्या आईला मी हे आधीच सांगून ठेवले होते, की हे घेऊन तो उठून चालू लागणार नाही. हात आज जेवढे उचलतो, तेवढे दहा वर्षांनीही उचलता यावेत, जमल्यास थोडे जास्त, इतकीच आशा धरायची. तिचे उत्तर होते, ‘‘स्वतःच्या हातानं जेवतो, ते राहिलं तरी पुरे.’’

हे औषध रोश या स्विस कंपनीचे. भारतात ते २०२१ मध्ये आले, बाटलीमागे सुमारे ६.२ लाख रुपयांना. हैदराबादच्या नॅटको फार्माने तेच औषध बनवायची तयारी केली आणि रोश दिल्ली उच्च न्यायालयात गेली. रोशकडे रिसडिप्लॅमचे भारतीय पेटंट होते, मुदत २०३५ पर्यंत. २४ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती मिनी पुष्करणा यांनी नॅटकोला रोखायला नकार दिला. रोशने अपील केले. ९ ऑक्टोबरला न्यायमूर्ती सी. हरिशंकर आणि न्यायमूर्ती अजय दिगपाल यांच्या खंडपीठाने ते फेटाळले. १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. नॅटकोने बाटलीची किंमत जाहीर केली ती १५,९०० रुपये.

आता भांडणाचा गाभा. पेटंट मिळायला वस्तू नवी असणे पुरत नाही. आपल्या १९७० च्या कायद्यानुसार त्यात ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ लागते, म्हणजे त्या विद्येत तरबेज असलेल्या माणसाला जे सहज सुचले नसते असे काहीतरी. उघड गोष्टीवर वीस वर्षांची मक्तेदारी मिळत नाही. हा नियम औषधांपुरता नाही. मोटारीच्या पायपॅडलवरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २००७ मध्ये यावर गाजलेला निकाल झाला. दोन माणसांनी आपापल्या घरून एकच वेबपान एकाच वेळी बघण्याची सोय सुचणे अवघड की सोपे, असलेही वाद होतात.

आपल्याकडचा मूळ निकाल तर भांड्यांचा आहे. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या कारखान्याकडे लेथवर भांडी पक्की धरून ठेवण्याच्या युक्तीचे पेटंट होते. लेथवर घासताना भांडे निसटून उडे, कारागिराला इजा होई. यांनी त्याला दुसऱ्या बाजूने टोकदार आधार दिला. दुसऱ्या एका भांडीवाल्याने तसेच सुरू केले, खटला झाला, एका न्यायाधीशांनी पेटंट रद्द केले, अपिलात ते परत मिळाले, आणि शेवटी १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तो आधार लेथवर आधीपासूनच वापरात होता. कारखान्यातल्या कुशल कारागिराने केलेली सुधारणा हा शोध नव्हे. आजही भारतातल्या कोणत्याही पेटंट खटल्यात, अगदी रेणूंच्याही, या भांड्यांचा दाखला दिला जातो.

रेणूंकडे येऊ. रिसडिप्लॅमच्या आधी याच संशोधनातून आणखी एक पेटंट-अर्ज आलेला होता, मोठ्या कुटुंबाचा. रसायनशास्त्रज्ञ एक सांगाडा काढतात आणि म्हणतात, इथे हा गट, तिथे तो गट, असे कितीही पर्याय. कागदावर त्यात अगणित संयुगे मावतात. काहींची प्रत्यक्ष उदाहरणेही दिलेली असतात. नॅटकोचे म्हणणे असे, की त्या आधीच्या कागदात उदाहरणादाखल दिलेले एक संयुग घ्या, त्याच्या एका कड्यातला ‘सीएच’ काढा, तिथे नायट्रोजन बसवा, झाले रिसडिप्लॅम. आणि हा बदल औषधी रसायनशास्त्रात बाराखडीसारखा आहे.

यात तथ्य आहे. एक कार्बन आणि त्याला चिकटलेला एक हायड्रोजन मिळून आकाराने आणि इलेक्ट्रॉनांच्या हिशेबाने नायट्रोजनसारखे वागतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ग्रिम यांनी १९२५ मध्येच मांडले होते. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या औषधे बनली. सर्दीवरची जुनी अँटिहिस्टामिन औषधे पाहा. १९४० च्या दशकात फेनबेन्झामिन या औषधातल्या बेन्झिनच्या कड्याच्या जागी नायट्रोजनवाले कडे घातले आणि ट्रायपेलेनामिन मिळाले. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजीच्या सरांनी फळ्यावर ते कडे काढून दाखवले होते. तेव्हा ‘हे काय कामाचं’ म्हणून मी मागच्या बाकावर डुलक्या घेत होतो.

दिल्लीच्या खटल्यात आणखी एक गोष्ट रोशच्या विरोधात गेली. आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही पेटंटमागे समान संशोधक होते. अशा वेळी ‘तरबेज माणूस’ कोण धरायचा? बाहेरचा कुणी रसायनशास्त्रज्ञ, की ज्याने स्वतःच आधीचा रेणू बनवला आहे तो? मधुमेहावरच्या डॅपाग्लिफ्लोझिनच्या प्रकरणात २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुसरे उत्तर दिले होते, की तिथे साधा तरबेज माणूस पुरत नाही, ‘आतली माहिती असलेला’ माणूस धरावा लागतो. त्याला पुढचे पाऊल अधिक सहज सुचणार, हे उघड आहे. ही कसोटी कठोर आहे, आणि तिच्यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला व्यक्तिशः ती थोडी अन्यायाची वाटते. एकाच माणसाने टप्प्याटप्प्याने शोध लावला म्हणून त्याच्यासाठी पट्टी वेगळी का?

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. सोपे होते, तर इतकी वर्षे का लागली?

आमच्या रुग्णालयात दर महिन्याला मृत्यूंची चर्चा होते. सगळे केसपेपर समोर असतात, पोस्टमॉर्टेमचा अहवाल आलेला असतो. मग कुणीतरी पहिल्या दिवसाच्या एक्स-रेवर बोट ठेवून म्हणते, ‘‘अरे, हे तर इथेच दिसतंय!’’ आणि ज्या निवासी डॉक्टरने रात्री दोन वाजता, वॉर्डात चाळीस रुग्ण असताना, तो एक्स-रे पाहिला होता, तो खाली मान घालून उभा राहतो. मीही तसा उभा राहिलो आहे. एकदा महाधमनी आतून फाटल्याचे निदान माझ्या हातून हुकले. दुसऱ्या दिवशी छातीच्या एक्स-रेतली रुंद झालेली सावली मला स्वतःलाच इतकी ठसठशीत दिसत होती, की आदल्या रात्री ती कशी दिसली नाही याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. फिल्म तीच होती. बदलली होती ती माझी माहिती.

यावर बरूक फिशॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने लोकांना वाचायला दिली १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची हकिकत. काहींना सांगितले इंग्रज जिंकले, काहींना गुरखे जिंकले, काहींना बरोबरी झाली, आणि काहींना काहीच सांगितले नाही. मग विचारले, निकाल माहीत नसता तर कोणत्या निकालाची किती शक्यता धरली असती? प्रत्येक गटाला आपल्याला सांगितलेला निकालच आधीपासून जास्त संभाव्य वाटत होता. निकाल कळला की तो डोक्यातून काढून टाकता येत नाही, आणि त्याने आपला अंदाज बदलला आहे हेही कळत नाही.

पेटंटच्या न्यायाधीशांना नेमके तेच करायचे असते. समोर रिसडिप्लॅमची रचना आहे, आधीच्या संयुगाची रचना आहे, शेजारी ठेवली की फरकावर लाल वर्तुळ. मग स्वतःला विचारायचे, त्या वेळी, हे उत्तर ठाऊक नसताना, कुशल रसायनशास्त्रज्ञाने हे संयुग उचलले असते का? याच कड्यात, याच जागी नायट्रोजन घातला असता का? कंपन्यांचा युक्तिवाद बहुधा या दिशेने जातो, की शेकडो संयुगांमधून हेच का निवडाल, आणि निवडलेत तरी बदल इथेच का कराल? हा युक्तिवाद पोकळ नाही. रिसडिप्लॅमच्या आधी याच कार्यक्रमातला दुसरा एक रेणू, आरजी-७८००, माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचला होता. लांबलेल्या प्राणी-प्रयोगांत माकडांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा दिसली आणि २०१५ मध्ये चाचणी थांबवावी लागली. रेणूत केलेले लहान बदल म्हणजे नेहमीच लहान परिणाम, असे नसते. हे आम्ही डॉक्टर रोज पाहतो. ज्याने ते वर्ष प्रयोगशाळेत काढले, त्याला ‘हे तर उघडच होते’ ऐकताना काय वाटेल, याची मला कल्पना आहे.

तरीही मी निकालाच्या बाजूने झुकतो, आणि त्याचे कारण भावनिक नाही. अवघड भाग कोणता होता ते पाहा. लहानसा रेणू तोंडावाटे देऊन एसएमएन-२ ची जुळणी दुरुस्त करता येते, हा खरा शोध. त्यासाठी सांगाडा सापडणे हा शोध. तो आधीच्या कागदातच जगासमोर ठेवला गेला होता आणि त्याबद्दल संरक्षणही मागितले गेले होते. दुसरे पेटंट मागितले होते शेवटच्या पायरीसाठी. शेवटच्या पायरीवर वेळ आणि पैसा गेला, हे मान्य. पण पेटंट कष्टाला किंवा खर्चाला मिळत नाही, न सुचण्याजोग्या कल्पनेला मिळते. माकडांच्या डोळ्यांना इजा न करणारा रेणू कोणता हे कळायला चाचण्याच कराव्या लागतात, त्यांचा खर्च अफाट असतो, आणि त्याची भरपाई कशी व्हावी याची दुसरी नीट वाट आपण अजून बांधलेली नाही. म्हणून कंपन्या सगळे ओझे पेटंटवर टाकतात. एकाच औषधावर आधी कुटुंबाचे, मग रेणूचे, मग क्षाराचे, मग गोळीच्या आवरणाचे पेटंट. क्षयरोगाच्या बेडाक्विलिनबाबत तेच झाले होते. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होते, कंपनीला फ्युमरेट क्षारासाठी २०२७ पर्यंत मुदत हवी होती. क्षयरोगातून बऱ्या झालेल्या, पण जुन्या इंजेक्शनांनी ऐकू येणे गमावलेल्या दोघींनी, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी, हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. आमच्या छातीरोग विभागातल्या सहकाऱ्यांनी त्या दिवशी पेढे वाटले होते.

एक खबरदारी मात्र सांगायला हवी, कारण ग्रुपवर फिरणाऱ्या निरोपात ती नसते. रिसडिप्लॅमचे पेटंट रद्द झालेले नाही. न्यायालयांनी एवढेच म्हटले आहे, की पेटंटच्या वैधतेला दिलेले आव्हान वरवरचे नाही, त्यात दम आहे, म्हणून मूळ दाव्याचा निकाल लागेपर्यंत नॅटकोला थांबवता येणार नाही. आमच्या भाषेत हे प्रोव्हिजनल डायग्नोसिस. अंतिम निदान साक्षीपुराव्यानंतर होईल, आणि ते बदलूही शकते.

आता हिशेब. माझ्या मुलाला, म्हणजे त्या रुग्णाला (इतक्या वर्षांनी जीभ अशी घसरते), वीस किलोंपेक्षा जास्त वजन असल्याने रोज ५ मिलिग्रॅम लागणार. बाटलीत ६० मिलिग्रॅम, म्हणजे बारा दिवस. वर्षाला तीसेक बाटल्या. जुन्या भावाने वर्षाला सुमारे १ कोटी ९० लाख. रोशच्या रुग्णसहाय्य योजनेत काही बाटल्या मोफत मिळत, पण ती सवलत धरूनही आकडा शेतमजुराच्या घरात उच्चारण्याजोगा नव्हता. नव्या भावाने वर्षाला ४ लाख ८० हजारांच्या आसपास.

हेही तिला झेपणारे नाही. दिवसाला १,३२५ रुपये. तिची रोजची मजुरी त्याच्या पाव हिश्श्याहून थोडी जास्त. म्हणून स्वस्त झाले म्हणून आनंदी होणाऱ्यांना मी थोडे थांबा म्हणतो. पण दुसरी एक गोष्ट बदलली आहे. केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणात नेमलेल्या केंद्रांमार्फत रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत मिळते, मुंबईत केईएम हे असे केंद्र आहे. जुन्या भावाने ५० लाखांत आठ बाटल्या येत. शहाण्णव दिवस. आयुष्यभर घ्यायच्या औषधाचे तीन महिने, आणि मग काय? याच कारणाने मी तिला कधी तिकडे पाठवण्याचा आग्रह धरला नव्हता. तीन महिन्यांची आशा लावून काढून घेणे मला जमले नसते. नव्या भावाने त्याच ५० लाखांत तीनशे चौदा बाटल्या येतात. दहा वर्षांहून अधिक.

हे सगळे मी तिला कागदावर बेरीज-भागाकार करून दाखवले. तिने दोनदा विचारले, ‘‘दहा वर्षं?’’ मी म्हटले, ‘‘कागदावर दहा. अर्ज मंजूर व्हायला हवा, निधी वेळेवर यायला हवा, भाव असाच राहायला हवा, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल उलटा लागता कामा नये.’’ मुलगा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, ‘‘सर, आधीच्यात आणि ह्यात फरक नेमका किती होता?’’ मी पॅडच्या मागे षटकोन काढला, एका कोपऱ्यात ‘सीएच’ लिहिले, खोडले, ‘एन’ लिहिले. तो बारावी सायन्सपर्यंत शिकलेला आहे, घरी बसून. बराच वेळ त्या षटकोनाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘पण कुठल्या कोपऱ्यात घालायचा, हे आधी कसं कळणार?’’

आईच्या प्रश्नाइतकाच हाही नेमका होता. मी म्हटले, ‘‘ते कुशल माणसाला कळलं असतं, असं कोर्टाचं प्राथमिक मत आहे.’’

‘‘आणि तुमचं?’’

‘‘माझं मत असं, की उद्या सकाळी आधी तुझी जनुकीय तपासणीची मूळ प्रत शोधून आण.’’ केंद्राकडे अर्ज करायचा तर ती लागते, आणि त्यांची पुरात भिजली होती.

संदर्भपत्र लिहून दिले. जाता जाता आठवले म्हणून थांबवले. मूळ औषधाच्या माहितीपत्रकानुसार पाण्यात तयार केलेले हे द्रावण दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते, आणि बाटली तयार केल्यावर ६४ दिवसांत संपवावी लागते. बारा दिवसांत संपणार, म्हणून ती चिंता नाही. पण फ्रिज?

‘‘आमच्याकडं नाही, सर. अंगणवाडीच्या बाईंकडं आहे. पण लाइट संध्याकाळी जाते, ती रात्री कधी येते सांगता येत नाही.’’

‘‘किती तास जाते ते आठवडाभर लिहून ठेवा,’’ मी म्हटले. ‘‘पुढच्या मंगळवारी येताना तो कागद घेऊन या.’’